आबांची घोंगडी आणि ओझोन

ट्रंकेतून आबांची घोंगडी काढली आणि लोकरीच्या वासासरशी खुटबावची, माझ्या बारावीतली एक दुपार आठवली. मी याच घोंगडीवर ज्वारीचे दाणे इलेक्ट्रॉन म्हणून मांडून ओझोनची रचना करत होते. दुहेरी बंध एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

मेंढरं घेऊन कालच परतलेले आबा जवळ बसले. "म्हंजी आमच्यावानीच. निम्मं वरीस रानात, निम्मं घरी."

"न्हाई आबा. त्यो बंध एकाच वेळी दोन्हीकडं असतो. कागदावर तेवढा वेगळा काढायचा."

दाण्यांवरची नजर न उचलता ते हळूच म्हणाले, "मग तर आमच्यावानीच हाय."

तेव्हा वाटलं, आबांना कळलं नाही. आता शिरूरच्या कॉलेजात दरवर्षी रेझोनन्स, म्हणजे बंधाचं हेच एकाच वेळी दोन्हीकडं असणं, शिकवते. इतकं नेमकं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.