मामाजींचा सढळ हात आणि शाफ्टची गाडी

आमच्या मामाजींना ‘थोडं’ हा प्रकारच माहीत नव्हता. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या नागपूरकडे सासऱ्यांना असंच म्हणतात. घरी कोणी जेवायला बसलं की वाढायचं काम ते दुसऱ्या कुणाकडे देत नसत. “घ्या गा, लाजून काहून राहिले?” म्हणत भातावर तुपाची अशी धार धरायचे की खालचा भात शोधावा लागे. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचे. दाराची बिजागरी कुरकुरली म्हणून तेल सोडलं, तर ओघळ थेट जमिनीपर्यंत. एकदा त्यांनी प्रेमानं शिलाई मशीनला तेल दिलं, आणि पुढे कितीतरी दिवस गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं डाग घेऊनच घरी गेली.

ती मशीन आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांचा हात नेमका उलटा. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, आणि तीही त्यांच्या चिमटीतली. अशा दोन माणसांची गाठ बांधणाऱ्यांना काय सुचलं होतं कोण जाणे.

मामाजींच्या या सढळपणापायीच घरात ती गाडी आली. ते हिंगण्याला कारखान्यात फोरमन होते. तिथे मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला होता. तो मुक्काम संपेपर्यंत आमच्याच घरी जेवला, तर्रीनं नाक-डोळे पुसत जेवला, आणि परत जाताना आपली जुनी मोटरसायकल मामाजींना देऊन गेला. तिला चेन नव्हती. इंजिनाची ताकद एका फिरत्या लोखंडी दांड्यानं, म्हणजे शाफ्टनं, मागच्या चाकाला मिळायची. मामाजी येईल त्याला सांगायचे, “चेन नाही, तेल नाही, कटकट नाही. गाडी नाही गा हे, पेन्शन होय!”

ही पेन्शन बंद पडली ती मी या घरात येण्याआधी, नेमकी आईंच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या दिवशी, रामटेकच्या रस्त्यावर. इंजिन गरजतंय, गिअर पडतोय, आणि चाक ढिम्म! चाकाच्या मधोमध दात्यांची एक गोल कडी असते. ती शाफ्टकडच्या दात्यांत जाऊन बसते आणि चाक फिरवते. मेकॅनिक त्या दात्यांना स्प्लाइन म्हणतात. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं. ते कधीच वाळून तांबडी भुकटी झालं होतं, आणि कोरडे दाते एकमेकांना खाऊन पार संपले होते. आई भरजरी शालू सावरत कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून मांडवात पोचल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. एकुलत्या एका भावाचं लग्न त्यांनी पाहिलं ते फोटोत.

मग मामाजी पेटले. ओळखीच्या टर्नरकडून दाते नवीन करून आणले आणि अंगणात चाक खोलून बसायचा नेमच धरला. दसऱ्याला लोक आपापल्या गाड्यांना झेंडूचे हार घालत, तेव्हा आमची गाडी एका चाकावर उभी असायची. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन ते एकेक दात घासायचे, भिंगातून बघायचे आणि मला बोलवायचे, “पाह्य बेटा, दात्याचा माथा असा चपटा पाहिजे. टोकदार झाला का समज खलास.” हे सगळं अगदी शास्त्रशुद्ध चालायचं. पण ग्रीसचा डबा उघडला की यांचा हात सुटलाच! भरल्या वांग्यात मसाला भरावा तसं दाबून दाबून ग्रीस भरायचे. “अहो मामाजी, बाहेर येतंय,” मी म्हणायची. “राहू दे वं, मागच्या खेपेस उपाशी ठेवलं तिले.”

जास्तीचं ग्रीस चाक तापल्यावर पातळ होतं आणि सरकत सरकत ब्रेकवर जातं. हे आम्हाला कळलं कळमन्याच्या बाजारात. माझ्या लग्नाला नुकतंच वर्ष होत आलं होतं. मामाजींनी मिनतवाऱ्या करून आईंना मागे बसवलं होतं, आणि मी मागून स्कुटीवर होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी अगदी शांतपणे, कुणाला दुखवायचं नाही अशा बेतानं, संत्र्यांच्या ढिगात शिरली. बाप्पा! आई संत्र्यांवर बसलेल्या, व्यापारी कपाळाला हात लावून उभा, आणि मामाजी विचारतायत, “लागलं तं नाही नं वं?” आईंनी पदरातलं एक संत्रं काढून ढिगावर ठेवलं आणि म्हणाल्या, “आता मेली तरी मी या गाडीवर बसत नाही.”

आणि त्या खरंच बसल्या नाहीत. लग्न असो, बारसं असो, पुढे आईंचा ऑटो आणि मागे मामाजी, रिकाम्या सीटची गाडी घेऊन. सारी वस्ती हसायची. निघताना दर वेळी ते विचारायचे, “बसते का वं?” आणि आई ऑटोत पाय ठेवत म्हणायच्या, “नाही.” मी एकदा वैतागून म्हटलं, “मामाजी, तुम्हीच ऑटोत बसा ना त्यांच्या शेजारी. काय बिघडेल?” ते म्हणाले, “मंग तिले बसते का म्हणून कोण विचारीन?” इतकी वर्षं या माणसाला आयुष्यात एवढं एकच हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं. मला आईंचा राग यायचा, आणि शालू आठवला की यायचाही नाही.

पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दिवाळीनंतर गाडी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मामाजींनी वाद घातला नाही, तिथेच मला धास्ती वाटली. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी त्यांनी शेवटचं म्हणून चाक खोललं, दाते लख्ख केले, डब्यात बोटं घातली आणि तसेच बसून राहिले. मग आत बघून हाक मारली, “अवं, ये नं जरा. माह्या हातानं थोडं होत नाही.”

आई पिठाचे हात धुऊन आल्या. जमिनीवर बसल्या. करंगळीवर जरासं ग्रीस घेतलं आणि लेकराला काजळ घालावं तसं एकेका दात्याला लावत गेल्या. “अजून थोडं लाव नं,” मामाजी कळवळून म्हणाले. “बास.” “इकडच्या बाजूले तरी...” “बास म्हटलं नं!” मामाजींनी डब्याचं झाकण लावलं. चाक बसलं, गल्लीत दोन चकरा झाल्या, ब्रेक चोख लागला. त्या दिवशी त्यांनी ‘बसते का’ म्हणून विचारलंच नाही. आईंनी वाट पाहिली, मग पदर खोचला आणि म्हणाल्या, “सरका पुढं. मी लावलं आहे, मीच पाहीन कसं चालते तं.” मामाजी इतके गोंधळले की किक मारायचंच विसरले.

चौकापर्यंत जाऊन येतो म्हणून गेलेली ही जोडी दुपार कलली तरी परत येईना. फोन कुणी उचलेना. मी माझ्या नवऱ्याला शोधायला पाठवणार, तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मामाजी लहान पोरासारखे तक्रार करत उतरले, “मी तं चौकातूनच वळून राहिलो होतो. हिनं वळूच नाही दिलं! अजून थोडं, अजून थोडं म्हणून पार कन्हानच्या पुलापर्यंत नेलं मले.” आईंचे केस उडून पार विस्कटले होते. “पाणी दे वं,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजी गेले. दोन दिवसांचा ताप काय आला आणि माणूस हातातून गेला. घरातल्या ताटांत आता तूप बेतानं पडतं आणि मला ते बघवत नाही. गाडी विकून टाका, असं सगळे सांगतात. आई ऐकत नाहीत. न चालणाऱ्या गाडीचंसुद्धा चाक माझ्याकडून खोलून घेतात आणि करंगळीनं दाते माखत बसतात. परवा मध्येच त्यांचा हात थांबला.

“साऱ्यात हात आखडता ठेवला वं मी,” त्या म्हणाल्या. “रागात तेवढा आखडता नाही ठेवला. भल्ली उशिरा बसली मी.”