अण्णांच्या जीपचा सेल्फ

अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन तीन-चार महिने झाले होते. एका रविवारी दुपारी मी आणि आई जेवायला बसलो होतो. जीपची चावी माझ्या ताटाशेजारीच होती आणि बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीपचा सेल्फ आपोआप लागला. घर्र... घर्र... घर्र. इंजिन सुरू होईना, नुसतीच ती घरघर. अण्णांची शेवटची रात्र छातीतल्या अशाच घरघरीत गेली होती. माझा घास हातातच राहिला.

आई मात्र शांत होती. शेडकडं तोंड करून म्हणाली, "आवं, दमा की जरा. जेवतीया ती." आणि मला भाजी वाढली.

"कधीपासनं चाललंय हे?" मी विचारलं.

"झालं चार-दोन दिस. दुपारचंच बोलवत्यात."

भ्याले की मी आधी चिडते. "बोलवतायत म्हणे! काहीतरीच तुझं," असं म्हणत हात न धुताच शेडमध्ये गेले. लष्करात जन्म काढलेल्या अण्णांचा दंडक होता, गाडी गिअरमध्ये टाकूनच उतरायचं. मी दर रविवारी सांगलीहून रहिमतपूरला येऊन जीप फिरवायची आणि तशीच लावायची. त्यामुळं सेल्फ लागला की जीप पुढं सरकत होती. ती पार भिंतीपाशी आली होती. मधे आईचा पाट होता, त्याचा कोपरा फुटलेला. रोज दुपारी आई त्याच पाटावर बसून जीपशी बोलायची. बॅटरीची वायर ओढून काढली आणि गावातल्या मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीनं आधी गिअर काढला, चाकांना दगड लावले. मग चावीकडून येणारी वायर सोडवून बॅटरी परत जोडली. आईही शेडमध्ये आली. वाटलं, आता काही होत नाही. तेवढ्यात घर्र... मिस्त्रीनंही हात मागं घेतला.

"चावीचा काय संबंध न्हाई. सेल्फवरचा स्विच आतनंच जुळतोय." त्यानं सेल्फ खाली उतरवून स्विच उघडला. आत हिरवा, चिकट थर. "दुपारी पत्रा तापला की ह्योच थर जुळवतोय. काकी, हे साधं पाणी न्हाई. काय वतलं हुतं?"

"नारळाचं," आई म्हणाली. अवसेला गाडी धुवून चाकापुढं नारळ फोडायचा, हे आमच्याकडं सगळेच करतात. पण अण्णा गेल्यापासून आई बॉनेट उघडून पाणी इंजिनावर वाहत होती. "त्यांचा हात सदा तितंच असायचा. मग चाकाला कशाला घालू?"

मिस्त्रीनं नवा सेल्फ बसवला. मी चावी फिरवली आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. बंद करून पुष्कळ वेळ वाट पाहिली. काही नाही. आई वाचली, या विचारानं मला रडूच आलं.

पुढच्या रविवारी दुपारी जेवताना आई वाढता वाढता थांबली. हातात पळी, मान शेडकडं. खोटं कशाला सांगू, मीही कान देऊन बसले होते. बाहेर सगळं सामसूम.

"ती गाडी इकून टाक गं," आई म्हणाली.

"अगं, आता तर नीट झालीय."

"व्हय. आता त्यात कुणी न्हाई."