घट्ट धरलेली मनगटं

काल आष्ट्याच्या बाजारात कासाराने हिरव्या बांगड्या खुळखुळवल्या आणि मला ते अंगण आठवलं. विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव आमच्या ग्रामसभेत झाला होता, मीही हात वर केला होता. पुढे थोरले दीर गेले. त्या दुपारी अंगणात उदबत्तीच्या धुरात सगळ्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या आणि चुलत सासूबाई दगड घेऊन जाऊबाईंसमोर आल्या. कुणीतरी बोलेल म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं, तर ठराव मांडणाऱ्या सरपंचबाई पदराचं टोक चावत होत्या. दगड वर गेला, तशी मी पुढे सरकले आणि जाऊबाईंची दोन्ही मनगटं गच्च धरली. "सरक गं," सासूबाई म्हणाल्या. "न्हाई सरकत, आत्ती. माज्या हातावर मारा." दगड तसाच वर राहिला. बाहेरून पुरुषांनी "आटपा, उशीर हुतोय" म्हणून हाक दिली, तेव्हा कुठे त्यांनी तो खाली ठेवला. काल माझ्या शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी कासारापुढे हात केला आणि म्हणाल्या, "जपून भर रं बाबा. त्या दिवशी हिनं एवढं आवळलं, की दोन बांगड्या हिनंच फोडल्या."