मोहाच्या बियांची वंशावळ

नाशिकला एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला प्रोलॉग ही संगणकाची भाषा होती आणि ती माझ्या पार डोक्यावरून जायची. बाप हा पूर्वज. बापाचा पूर्वज तोही पूर्वज. नियम स्वतःलाच हाक मारतो, वाट खुंटली की मागे फिरून दुसरी धरतो. मी हे घोकून लिहायचे. कळत नव्हतं याचा भयंकर राग यायचा.

त्यातच कॉलेजची नोटीस आली: जातवैधता प्रमाणपत्र द्या, नाहीतर प्रवेश रद्द. त्यासाठी वडिलांच्या कुळातल्या कुणाची तरी शाळेतली जुनी नोंद हवी, जमात लिहिलेली. बाबांच्या दाखल्यावर तो रकानाच कोरा. रडकुंडीला येऊन मी पोशेऱ्याला बाबांच्या थोरल्या बहिणीकडे गेले.

आत्यानं मोहाच्या बियांनी भरलेलं सूप पुढे ओढलं. आजोबांची एक बी जमिनीवर ठेवली, पुढे त्यांच्या मुलांच्या. "ह्यो साळंत गेला?" स्वतःच विचारायची, स्वतःच "नाय" म्हणून बी उचलायची आणि पुढचा भाऊ धरायची. आजोबांचं घर संपल्यावर पणजोबांची बी मांडली आणि त्यांच्या उरलेल्या प्रत्येक मुलाच्या घरात तेच सगळं पुन्हा. कुठे थांबलो होतो हे उरलेल्या बियाच सांगत होत्या. कुणी सुटलं नाही, कुणी दोनदा आलं नाही.

हाच तर प्रोलॉगचा मागे फिरणारा नियम! वर्षभर जे डोक्यात शिरलं नव्हतं ते ही बाई शेणानं सारवलेल्या ओट्यावर बसून सहज करत होती, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतकं थोर काही मी कुठल्याच वर्गात पाहिलं नव्हतं.

पणजोबांच्या धाकट्या मुलाशी ती थांबली. "ह्यो गेलेला. खोडाळ्याला, दोन वर्सं."

शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचं नाव सापडलं, जमातीसकट. प्रमाणपत्र मिळालं, प्रवेश वाचला. पेढे घेऊन गेले तेव्हा आत्याला चिडवलं, "आते, सगळ्यांच्या बिया मांडल्यास, स्वतःची विसरलीस की!"

"इसरन कशी? माजी मांडून काय करू? माज्या बापानं मला ढोरांमागं धाडली." पेढा तिनं तसाच हातात धरला होता. "साळंत घातली असती, तर तुजं काम माज्याच बीला झालं असतं."