व्यवसायाचा रकाना

“शब्द बदलेल ती. इंग्लिश मीडियमची आहे, काही बोलायची नाही,” विभागप्रमुख सर आत म्हणाले.

मी स्टाफरूमच्या बाहेर माझ्या पेपरची प्रिंट घेऊन उभी होते. दार अर्धं उघडं होतं. त्यावर आमच्या मॅडम काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

सरांचं चुकलं नव्हतं. शाळेत मराठी बोललं की बाई टोकायच्या आणि बारामतीच्या आमच्या गल्लीत इंग्रजी बोललं की पोरी हसायच्या. त्यामुळे गप्प बसून बघत राहायची सवय लागली होती. वर्गातही मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन-लेखनाचा कोर्स होता. सबंध सत्रात सगळ्या वर्गाला एकच विषय, आमच्याकडे ‘अन्न’. त्यातून प्रत्येकानं आपला एक प्रश्न शोधायचा, माणसांशी बोलायचं आणि पेपर लिहायचा. तो शिकवणाऱ्या मॅडम बाकी बाबतीत सैल होत्या, पण एका गोष्टीत नाही: ज्यानं सांगितलं त्याचं नाव आलंच पाहिजे. म्हणून शेवटच्या पानावर तक्ता असायचा. नाव, गाव, व्यवसाय.

माझा प्रश्न होता, डाळिंबाचा बहर कधी धरायचा हे शेतकरी कसं ठरवतो? बागेचं पाणी काही दिवस तोडतात आणि मग एक दिवस ठरवून पुन्हा सोडतात. त्यानंतर फुलं येतात. तो दिवस चुकला तर पुढचं सगळंच बिघडतं.

मामाची बाग कळसला आहे. एका रविवारी मी छापील फॉर्म घेऊन गेले. पहिलीच ओळ होती, ‘शेतकऱ्याचे नाव’. अंगणात मामी क्रेटमध्ये डाळिंबं लावत बसली होती, मोठी एकीकडे, डागी एकीकडे.

“मामी, तू शेतकरी आहेस ना? मला थोडे प्रश्न विचारायचे होते.”

“मी कशाची शेतकरी गं? शेतकरी तुझं मामा. त्ये इंदापूरला गेल्यात, तहसीलला. मी आपली रानात असती.”

पुढच्या चार घरांतही तेच. एकीच्या हातात फवाऱ्याचा पंप होता, एक पाटात उभी राहून पाणी वळवत होती, आणि दोघी मला म्हणाल्या, “शेतकरी घरात न्हाय बाई, सांजच्याला ये.” मीही “बरं” म्हणून पुढच्या घरी जात राहिले. कोरे फॉर्म घेऊन बारामतीला परतले तेव्हा मॅडमनी एवढंच विचारलं, “कुणीच नव्हतं? मग दारात तुझ्याशी कोण बोललं?”

मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी फॉर्म पिशवीतच ठेवले आणि मामीशेजारी फळं निवडायला बसले. पहिली दहा फळं तिनं माझ्या क्रेटमधून परत काढली. “बारामतीच्या मॅडम, ह्ये काय बाजारात न्हेयचं हाय का गुरांपुढं टाकायचं?” मग फळ हातात कसं जड लागतं, पिकलं की त्याच्या बाजू कशा चपट्या होतात, ते तिनं दाखवलं. बहराचं विचारलं तर म्हणाली, “पानं पिवळी पडून गळाय लागली की मी रोज सकाळी बागंतनं चक्कर मारती. काडी वाकवून बघती. मग पाणी सोडायचं.”

तरी खात्री करावी म्हणून मामाला स्पीकरवर फोन लावला. तो पुन्हा इंदापुरातच होता. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“मामा, यंदा बागेला पाणी कधी सोडलं?”

“आं? थांब जरा,” मामा म्हणाला. “ती हाय का तितं? तिलाच इचार की.”

मामी फोनकडे बघून हसली आणि पुढचं फळ उचललं.

मी त्या पाच जणींशी पुन्हा बोलले आणि पेपर लिहिला. तक्त्यात पाचही नावं घातली आणि प्रत्येकीपुढे व्यवसाय लिहिला: शेतकरी. द्यायच्या आधी मामीला फोन करून तो तक्ता वाचून दाखवला, कारण “माझं नाव नको, मालकांचं घाल,” असं ती दोनदा म्हणाली होती.

“असंच छापून येणार व्हय?”

“हो.”

“मग ऱ्हाऊ दे. बाकीच्या चौघींनाबी सांगती.”

आणि आता आत सर म्हणत होते की मी शब्द बदलेन.

मला बोलावलं. सरांनी पेपर चाळला. चांगला आहे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असावेत. कॉलेजकडून विद्यापीठाच्या स्पर्धेला एकच पेपर जायचा होता, तो माझा पाठवायचा त्यांचा विचार होता. फक्त शेवटच्या पानावर त्यांनी पेन टेकवलं.

“इथं गृहिणी कर. यातल्या एकीचं तरी नाव सातबाऱ्यावर आहे का? परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या वतीनं बोलावं असं मला वाटत होतं. पेन अजून त्या रकान्यावरच होतं, मामीच्या नावापुढे. तिनं आतापर्यंत बाकीच्या चौघींना सांगितलंही असेल.

मी हात पुढे केला आणि सरांच्या पेनाखालून कागद ओढून घेतला.

“नाही सर,” मी म्हणाले. “परीक्षकांनी विचारलं तर मी उत्तर देईन. पाणी कधी सोडायचं ते सातबाऱ्याला माहीत नव्हतं, मामाला माहीत नव्हतं, या पाच जणींना माहीत होतं. हा शब्द राहणार नसेल तर पेपर पाठवू नका.”