खिडक्या नसलेलं विमान

माझे वडील चिरेखाणीत होते. राजापूरच्या वरच्या सड्यावर जांभा दगड कापायचं काम. खाणीत मशीन आलं तेव्हा हाताने कापणाऱ्यांची गरज संपली, आणि वडील चिरे ट्रकमध्ये चढवायला लागले. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. बियांच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची. कुणाच्या लग्नात मेंदी काढायला बसवलं की ती हात पदराखाली घ्यायची. रात्री पेज असायची. पाणी जास्त, शितं कमी. आम्हा तिघा भावंडांत शितं कुणाच्या ताटात जास्त गेली यावरून भांडणं व्हायची आणि आई म्हणायची, "माझ्या ताटातली घ्या, पण गप्प बसा."

गावातल्या एका आखातवाल्याने दिलेलं जुनं कॅलेंडर आमच्या भिंतीवर होतं. बारा पानं, बारा विमानं. वर्ष उलटलं, पुढची वर्षंही उलटली, तरी आईने ते काढलं नाही, कारण त्याच्यामागे भिंतीला भोक होतं. त्या विमानांची चाकं मोजत मी मोठा झालो. मग शाळा, डिप्लोमा, डिग्री. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी मुद्दाम लिहितो. लाजून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

कुवेतला मी मेकॅनिकल इंजिनियर म्हणून आलो. ऑफिस मिरकाबला, राहायला अब्बासियात. इथे विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की गच्चीवर वाळत घातलेल्या लुंगीवर सावली पडते. पण विमानतळाच्या दिशेला फोन धरायचा नाही, हे इथे पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतंच. विमान दिसलं की बघायचं आणि हात खिशात ठेवायचा.

म्हणून आमची शुक्रवारची बैठक फोटोंची होती. अब्बासियातच एक पुणेकर इंजिनियर राहतो, रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या हॉलमध्ये आम्ही विमानवेडे जमायचो. रिवाज असा की जो कुणी सुट्टीवरून येईल त्याने मिठाई आणू नये, फोटो आणावा. भारतात कुंपणाबाहेरून काढलेला चालेल, आपल्या खिडकीतून काढलेला चालेल. फोटो दाखवताना विमानकंपनीच्या नावावर अंगठा ठेवायचा. बाकीच्यांनी नाकावरून, चाकांवरून, पंखाच्या टोकावरून विमान सांगायचं. बरोबर आलं की फोटोवाल्याने चहा करायचा.

या बैठकीत एक डक्टवाला होता. मालवणकडचा, एसीचे पत्र्याचे डक्ट बसवायचा, जलीबला सहा जणांच्या खोलीत राहायचा. बाहेर आम्ही भेटलो नसतो; विमानांमुळे भेटलो. त्याची सुट्टी कंपनीने दोनदा पुढे ढकलली होती, त्यामुळे बैठकीत त्याचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. पुणेकर त्याला चिडवायचा, "तुम्ही कायमचे परीक्षक. पेपर कधी देणार?"

"दितंय, साहेब, दितंय," तो म्हणायचा. "असो फोटो आणीन की तुमची टाय सुटात."

हसायचो सगळे. तोही हसायचा. त्याची मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्याच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली. तिचं तो फार बोलायचा. मला विचारायचा, "पयल्या वर्साक इंग्रजीची भीती वाटता ती जाता मा?" मी म्हणायचो, जाते. माझी गेली.

त्या शुक्रवारी दुपारी हवेत धूळ होती. बैठकीला अजून वेळ होता. आमच्या बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डक्टवाल्याने काढलेला फोटो आला आणि खाली एकच शब्द: "वळखा!"

धुळीच्या उजेडात एक भलंमोठं विमान उतरताना. चार इंजिनं, चाकं बाहेर काढलेली. अंगावर नाव नाही, रंग नाही, सगळं राखाडी. ग्रुप पेटला. कुणी लिहिलं, "इंजिनं बघा, चार!" कुणी लिहिलं, "शेपूट नीट दिसू दे." पुणेकराने लिहिलं, "अहो, हे आणलंत कुठून? पेपर फोडला!" मी लिहिलं, "पुढे कुबड आहे. मालवाहू जंबो. चहा टाक."

चहा टाक म्हटलं त्याचं उत्तर आलं नाही. संध्याकाळी तो बैठकीलाही आला नाही. मला फोन आला तो त्याच्या कंपनीच्या मंदूबचा, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणाऱ्या माणसाचा. केरळचा होता, हिंदीत बोलायचा. आपल्या इमारतीच्या गच्चीवर फोटो काढून डक्टवाला खाली उतरला आणि रस्त्यात फोन बघत उभा राहिला. गस्तीची गाडी थांबली, सिव्हिल आयडीचं कार्ड मागितलं, मग फोन मागितला आणि त्याला ठाण्यात नेलं. आम्ही इकडे इंजिनं मोजत होतो तेव्हा ते संदेश पोलिसाच्या हातात वाजत होते. लष्करी विमानाचा फोटो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"डिपोर्ट करेंगे तो फिंगरप्रिंट लगेगा," मंदूब म्हणाला. "फिर वापस कभी नहीं आएगा."

ठसे लागले म्हणजे नोकरी गेली, आणि त्या नोकरीवर एका मुलीचं कॉलेज उभं होतं.  हॉलमध्ये पुणेकराने फोन उचलला आणि ग्रुप बंद केला.

"वाचलंय त्यांनी सगळं," मी म्हणालो. "आता बंद करून काय होणार?"

"निदान पुढचं तरी वाचणार नाहीत. हे बघ, मला दोन मुलं आहेत, इथल्या शाळेत. आमचं नाव घेऊ नकोस तिथे."

"तिथे म्हणजे? मी जातोय असं कुठे म्हणालो?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

मला त्याचा राग आला, आणि आज वाटतं की त्याची भीती खोटी नव्हती. मंदूबनेही तेच सांगितलं. तुम मत आओ, तुम्हारा इकामा भी जाएगा. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. माझा गेला असता तर आई-वडिलांच्या घरात पुन्हा पेजेचे दिवस आले नसते. तेवढं मी करून ठेवलं होतं. पण डक्टवाल्याच्या बाजूने बोलायला तिथे कोण होतं? त्याला अरबीचे चार शब्द येत होते, इंग्रजी तेवढंही नाही. आणि फोटोत काय आहे हे पोलिसांना समजावून सांगू शकेल असा माणूस मी होतो. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मंदूबच्या गाडीत बसलो. 

ठाण्यातला अधिकारी तरुण होता, इंग्रजी चांगलं बोलायचा. आवाज चढवला नाही त्याने. डक्टवाल्याचा फोन टेबलावर ठेवला, फोटो मोठा केला आणि म्हणाला, "प्रवासी विमानाला खिडक्या असतात. याच्या खिडक्या कुठे आहेत?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "हे माल नेणारं आहे, सर. खोक्यांना खिडक्या कशाला लागतील?"

तो हसला नाही. मी कागद मागितला आणि दोन विमानं काढली. लष्कराच्या मोठ्या मालवाहू विमानाचा पंख अंगाच्या वरून निघतो, पोट जमिनीला टेकल्यासारखं असतं, शेपटीवर आडवी पट्टी अगदी वर. या फोटोतल्या विमानाचा पंख खालून निघालाय. पुढे डोक्यावर कुबड, तिथे वैमानिक बसतात. रंग पांढरा आहे, धुळीने राखाडी दिसतोय.

"तुला हे कसं माहीत? विमानतळावर काम करतोस?"

"नाही. मी इमारतींच्या एसीचं डिझाइन करतो."

"मग?"

"हॉबी," मी म्हणालो. त्या खोलीत हा शब्द फार पातळ वाटला.

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. कुठल्याशा सहलीचा फोटो, त्याचं कुटुंब उभं, मागे विमान. नावावर त्याने अंगठा ठेवला. "हे कुठलं?"

 बरोबर सांगितलं तर मी नको तितकं जाणणारा माणूस. चुकीचं सांगितलं तर आधी सांगितलेलं सगळं थापा. शुक्रवारी आम्ही याच अंगठ्यावर चहा लावायचो. मी चाकं बघितली. एकेका पायाला तीन जोड्या.

"सातशे सत्याहत्तर. लांब अंगाचं."

त्याने अंगठा काढला, स्वतःच फोटोकडे बघितलं, आणि माझा कागद आणि डक्टवाल्याचा फोन घेऊन आत गेला. मंदूब माझ्या कानाशी म्हणाला, "इतना क्यों बोला?" 

बराच वेळ गेला. मग डक्टवाल्याला आणलं. तोच कालचा शर्ट, गच्चीवरची धूळ कॉलरवर. मला बघून म्हणाला, "तू कित्याक इलंस? तुझो पण इकामा जाईत." मग खाली मान घालून, अगदी हळू, "फोटो बरो इलो मा पण?"

मला रडू येईल असं वाटलं. मी नुसती मान हलवली.

अधिकारी बाहेर आला तेव्हा त्याने विमानतळावर विचारून घेतलं होतं. त्या वेळी उतरलेलं विमान मालवाहू होतं, नागरी होतं. तरीही फोटो काढायचा नव्हता, हे त्याने दोनदा सांगितलं, एकदा डक्टवाल्याला आणि एकदा मला. फोनमधलं सगळं पुसायचं. पुन्हा असं करणार नाही अशी लेखी हमी द्यायची. जामीन म्हणून माझी सिव्हिल आयडी नोंदवली गेली. सगळं पुसलं म्हणजे मुलीचे फोटोही गेले, तिच्या पांढऱ्या गणवेशातले. डक्टवाला म्हणाला, "ती पुन्ना धाडीत." पण फोन परत घेताच त्याने आधी फोटोंची गॅलरी उघडून बघितली.

बैठक पुन्हा भरली नाही. पुणेकर दुकानात भेटतो, भाज्यांबद्दल बोलतो. वर विमान गेलं की आम्ही दोघंही वर बघत नाही. मला पोलिसांची गाडी दिसली की फोन खिशात आहे का हे चाचपून बघायची सवय लागली आहे. माझा परवाना नवा झाला, पण तो हातात येईपर्यंत मला जेवण गेलं नाही.

डक्टवाल्याला देशाबाहेर काढलं नाही. त्याचे ठसे घेतले गेले नाहीत. रविवारी सकाळी तो कंपनीच्या बसने कामावर गेला, आणि पुढे त्याची मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली.