सातव्या माळ्याची कडी

पाळणा वरून लोंबायचा असतो, हे धर्माला कुणी शिकवलं नव्हतं. फलटणकडच्या त्याच्या गावात पाळणा तुळईला टांगत. लालबागच्या चाळीतही त्यानं तो तुळईलाच टांगला आणि त्यात त्याची तीन पोरं वाढली. म्हणून चाळ पाडून तिथं टॉवर उभा करायचं ठरलं, तेव्हा लोकांनी बिल्डरकडं लिफ्ट मागितली, पाण्याची टाकी मागितली आणि धर्मानं छताला कडी मागितली. बिल्डरचा माणूस हसला. धर्मा हसला नाही. ब्याऐंशीच्या संपात दीड वर्ष मिलच्या गेटवर उभा राहिलेला, माग चालवणारा साचेवाला तो. नुसतं उभं राहण्यात त्याचा हात धरणारा गिरणगावात कुणी नव्हता. पुढं मिल कायमची बंद पडली, तिच्या जागेवर काचेची ऑफिसं आली, तरी धर्माच्या हिशेबी संप चालूच होता. मागे घेतला, असं त्याला कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

संक्रमण शिबिरातून तो रोज बांधकामावर जाई आणि आपल्याच शेतातलं पीक बघावं तसा त्या खांबांकडं बघत बसे. घरांच्या चिठ्ठ्या आधीच निघाल्या होत्या. त्याला सातवा माळा आला होता, तीन नंबरचं घर. चाळीत मोजतात तसे त्यानं माळे मोजले. तळमाळा सोडायचा, मग पहिला, दुसरा, तिसरा. सातव्याच्या छताचा स्लॅब पडायचा त्या दिवशी सळई बांधणाऱ्याला चहा आणि वडापाव खाऊ घालून त्यानं बोटाएवढ्या जाड सळईची कडी लोखंडाच्या जाळीत अडकवून घेतली आणि डोळ्यांदेखत काँक्रीट ओतवून घेतलं.

“आता हत्ती टांग,” घरी येऊन तो बायकोला, मालनला म्हणाला.

“हत्तीण कुठनं आणू?” मालन म्हणाली. “आधी सून तर येऊ द्या.”

घराचा ताबा मिळाला तेव्हा मुलगा उत्तम किल्ली घेऊन बापाच्या आधी पोचला. त्याला घर ‘करायचं’ होतं. दादरला साहेबाच्या घरी त्यानं छताला टेक्स्चर पाहिलं होतं आणि तेव्हापासून सपाट छताखाली बसणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं होतं. कारागीर आले, त्यांनी पांढरा लगदा छताला थापला आणि वर ब्रशानं टोचून टोचून त्याचे कोंब काढले. धर्मा राहायला आला तेव्हा डोक्यावर खरूज उठल्यासारखं छत होतं आणि उत्तम त्याच्याखाली उभा राहून मान वर करून हसत होता.

“कडी कुठाय?” धर्मानं विचारलं.

“आतच असेल, आबा. कारागिरांनी झाकली असेल,” उत्तम म्हणाला. त्यानं पाहिलीच नव्हती.

दोन वर्षं घर त्या छताखाली राहिलं, म्हणण्यापेक्षा ते छत घरात थोडं थोडं खाली येत राहिलं. कधी चहात कण, कधी भातात कण. कोळ्यांना तर त्या टोकांत सरकारी वसाहतच मिळाली. केरसुणी लावावी तर कोंब गळत, न लावावी तर जाळी लोंबत. पाहुणे यायचे, मान वर करायचे, “काय सुंदर” म्हणायचे आणि डोळा चोळत खाली बघायचे. साधा चुना होता तेव्हा पाहुणे मालनच्या तोंडाकडं बघून बोलत. आता सगळं कौतुक छताला.

मग सून अंबिका बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला चार दिवस उरले आणि धर्मानं पोटमाळ्यावर ठेवलेला सागवानी पाळणा खाली काढून पुसायला घेतला.

“आबा, स्टँडचा पाळणा सांगितलाय,” उत्तम म्हणाला. “फुलांची सजावट करून देतात.”

“जे खालून उभं राहतं ते स्टूल. माझी नात स्टुलावर झोपायची नाही.”

“छत फोडू नका.”

“फोडत नाही. नुसतं खरवडतो.”

त्यानं रंगाऱ्याकडून पुट्टी भरायची पट्टी आणली, टेबलावर स्टूल ठेवलं आणि बरोबर मध्यावर खरवडायला लागला. ताटाएवढं छत उघडं झालं. कडी नाही. परातीएवढं झालं. कडी नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी खोली उघडी पडली, दिवाणापासून देवाऱ्यापर्यंत पांढरा चुरा पसरला, अंबिका बाळाला पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि उत्तमनं बापाशी बोलणं टाकलं. धर्मा स्टुलावर उभा होता. वर नुसता करडा, गुळगुळीत, निर्लज्ज स्लॅब.

ठोकाठोक ऐकून राधाबाई वर आली. पाचव्या माळ्यावरच्या तीन नंबरची, तात्याची बायको. संपाच्या आठव्या महिन्यात पोलिसांच्या गाडीतून मिलमध्ये कामाला गेलेला तो तात्या. तेव्हापासून सत्तावीस वर्षं धर्मानं त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. मिलनं दोघांनाही सारखंच घरी बसवलं, पण धर्मा उपाशी बसला होता आणि तात्या जेवून बसला होता, एवढा फरक तो धरून होता.

“भावजी, काय शोधताय?”

“कडी.”

राधाबाईनं मान वर करून उघड्या स्लॅबकडं बघितलं. “आमच्या छताला एक आहे. बरोबर मधोमध. आम्ही म्हटलं, बिल्डरनं सगळ्यांनाच दिली असंल.”

धर्मा स्टुलावरून उतरला. पाचवा माळा. त्यानं बोटं मोजली, पुन्हा मोजली. मग बाल्कनीत जाऊन खाली बघितलं. तळमाळ्याच्या वर मोटारींचे दोन माळे. बिल्डर त्यांच्या वरून मोजत होता. मोटारींनी खाली राहायचं आणि वर माणसांनी, असं धर्माच्या चाळीत कधी झालं नव्हतं. आणि हे बिऱ्हाड मोटारींचं म्हणून मोजायचंच नाही, ही अक्कल त्याला कुठून असणार?

“अवो,” मालन हळूच म्हणाली, “उद्या बारसं आहे.”

तो मोरीत गेला. अंघोळ केली, केसांतला चुरा धुतला, धुतलेला सदरा घातला. मग दोन जिने पायी उतरला. लिफ्ट चालू होती. पण त्याला वेळ हवा होता.

तात्यानं दार उघडलं. तोही म्हातारा झाला होता, हे धर्मानं इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. खोलीचं छत साधं, चुन्याचं, आणि मधोमध ती कडी. धर्मा उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून बघत राहिला.

“मजबूत आहे,” तात्या म्हणाला. “आलो त्या दिवशीच लोंबकळून बघितली. दोन वर्षं बिल्डरला दुवा देतोय.”

“बिल्डरला होय? मी बसवली ती.”

“तू?”

“तुझ्यासाठी नव्हे.”

“मग तुझी आहे तर काढून ने,” तात्या म्हणाला.

धर्मानं कडीकडं बघितलं. त्यानंच ती जाळीत अशी अडकवून घेतली होती, की काढायची तर टॉवर पाडावा लागला असता. गेटवर दीड वर्षात सुचलं नाही असं काहीतरी जोरकस बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात वरच्या जिन्यातून बाळाचं रडू ऐकू आलं.

त्यानं चपला काढल्या आणि एक पाय आत टाकला.

“टेबल आहे का घरात?” त्यानं विचारलं. “आणि तू एक बाजू धर. एकट्याला पेलायचा नाही पाळणा.”